गवताच्या ओळीपर्यंत

तिसऱ्या मजल्यावर पूर्वेच्या खिडकीशेजारी जी भेग आहे, ती त्या सकाळी चार पूर्णांक सात दशांश मिलिमीटर रुंद होती. अकरा वर्षांपूर्वी मी तिच्यावर दोन पारदर्शक पट्ट्या बसवल्या. एकीवर मिलिमीटरच्या बारीक चौकटी आहेत, दुसरीवर लाल फुली. एक पट्टी भेगेच्या या काठाला चिकटवलेली, दुसरी त्या काठाला. भिंत सरकली की फुली चौकटींवरून सरकते. चष्मा कपाळावर चढवून, एक डोळा मिटून मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तेच आलं. वहीत तारीख, तापमान आणि आकडा लिहिला. शेऱ्याचा रकाना मोकळा ठेवला.

जुन्या भिंतीतली भेग थंडीत उघडते आणि उन्हाळ्यात मिटते. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. ही मात्र उघडते तेवढी मिटत नाही. दरवर्षी थोडी थोडी मागे राहते. तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत ती तीन पूर्णांक एक होती. तेव्हाही मी शेऱ्यात लिहिलं होतं, 'निरीक्षण चालू ठेवावे.' पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. माझं अक्षर वळणदार आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला ते विचारपूर्वक लिहिल्यासारखं वाटतं.

हा किल्ला आता किल्ला म्हणण्याइतका उरलेला नाही. तटाची भिंत गावाने घरं बांधायला नेली. खंदक बुजून त्यावर रस्ता झाला. मोठ्या दालनाच्या दोनच कमानी उभ्या आहेत, आणि त्यांच्यामध्ये छपराऐवजी आभाळ आहे. चौकोनी बुरूज तेवढा चारही मजल्यांनी शाबूत आहे. तळाशी भिंतीची जाडी दोन मीटर साठ सेंटिमीटर. जिना त्या जाडीच्या पोटातूनच वर जातो, एका वेळी एकच माणूस मावेल इतका अरुंद. भिंत बाहेरून आणि आतून घडीव दगडांची आहे, आणि मधल्या पोकळीत दगडगोटे आणि चुन्याची भर. हे सगळं मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. बाबांनी दाखवलं होतं.

बाबा गवंडी होते. मी नऊ-दहा वर्षांची असताना ते मला परांचीवर घेऊन गेले होते आणि बुरजाच्या पूर्वेच्या अंगाला एका सांध्याशी थांबून म्हणाले होते, इथे बोट फिरव. दुसऱ्या मजल्याच्या छतापासून हातभर वर तो सांधा आहे, सगळ्या बाजूंनी फिरलेला. चुन्यात बारीक रेघा होत्या, केसांसारख्या. गवताच्या काड्यांचे ठसे. बाबांनी सांगितलं की खालचे दोन मजले बांधून झाल्यावर थंडी आली. गोठलेल्या हवेत चुना धरत नाही, म्हणून त्या लोकांनी काम थांबवलं, भिंतीच्या डोक्यावर गवत पसरलं आणि घरी गेले. उन्हाळा आला तेव्हा गवत काढून वर दोन मजले चढवले. सहाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. गवत गेलं, पण त्याचा ठसा चुन्याने धरून ठेवला. 'त्यांना घाई असणार,' बाबा म्हणाले होते, 'कुणीतरी चालून येत असणार. तरी थांबले बघ.'

त्या सांध्याला आम्ही दोघं गवताची ओळ म्हणत असू.

खाली येऊन बघितलं तर मावशी तिकिटाच्या खिडकीत बसून लोकर विणत होत्या. त्या इथल्या राखणदार, एकवीस वर्षं. त्यांनी विचारलं की पोट किती वाढलं. पूर्वेच्या भिंतीला वरच्या दोन मजल्यांवर फुगवटा आहे, त्याला त्या बुरजाचं पोट म्हणतात. मी सांगितलं, ओळंब्यापासून एकशे बारा मिलिमीटर. त्यांनी सुई थांबवली आणि हिशेब केला की त्यांच्या नवऱ्याचं याहून जास्त आहे, पण नवरा कोणाच्या डोक्यावर पडण्याइतका उंच नाही.

हे त्या हसत सांगू शकत होत्या याचं मला नवल वाटत होतं. नऊ दिवसांपूर्वी वरून दगडाचा एक पापुद्रा सुटला होता. मी तो नंतर वजन करून पाहिला, एक किलो नऊशे ग्रॅम. दुपारी सव्वाच्या सुमाराला तो ज्या बाकावर पडला, त्याच बाकावर मावशी रोज एक वाजता डबा उघडतात. त्या दिवशी पाण्याची बाटली खिडकीतच राहिली म्हणून त्या उठून गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा डब्याचं झाकण चेपून त्याची बशी झाली होती. त्यांनी ही हकिगत सगळ्यांना सांगितली. आयुष्यभर नवऱ्याने विसरभोळी म्हणून बोल लावले, आता बोलून दाखव म्हणावं. लोक हसले. मी बाक उचलायला लावला, दोरी बांधली, फलक लावला आणि घरी जाऊन पापुद्रा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले.

त्या पापुद्र्याची मागची बाजू ओलसर होती. पाच दिवस पाऊस नव्हता.

पापुद्रा पडल्याच्या दुसऱ्या दिवशी खात्याच्या साहेबांचा फोन आला. साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत आणि माझ्याशी फार अदबीने बोलतात. त्यांनी सांगितलं की आता निरीक्षण पुरे झालं. बुरूज ठेवायचा की वरचा भाग उतरवायचा, याची शिफारस त्यांना महिनाअखेर हवी आहे, आणि ती जागेवर उभं राहून, सगळ्यांसमोर हवी आहे. बाकीचा अहवाल त्यांनी स्वतः भरून ठेवला होता. स्थिती भरली होती, कारण भरलं होतं. शिफारस तेवढी राहिली होती, ती भरली की माझी सही.

कारणाच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

एकतीस वर्षांपूर्वी बुरजाची पूर्वेची भिंत, वरच्या दोन मजल्यांची, दुरुस्तीला निघाली. सांध्यांमधला जुना चुना झिजून गेला होता, तो खरवडून नवा भरायचा होता. काम बाबांना मिळालं. बाबांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं काम, आणि त्याची तयारी त्यांनी पाच वर्षं आधी केली होती. मी कॉलेजला गेले त्या महिन्यात त्यांनी शेडमध्ये हौद खणून त्यात कळीचा चुना पाण्यात विरवला आणि फळ्यांनी झाकून ठेवला. किल्ल्याचं काम आज ना उद्या निघणार, आणि तेव्हा चुना म्हातारा झालेला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. मी सुट्टीत घरी यायची तेव्हा ते फळी सरकवून मला दाखवायचे. लोक बी लावून रोप दाखवतात तसे.

मी रसायनशास्त्र शिकून, बांधकामाच्या साहित्याच्या ताकदीवर प्रबंध लिहून परत आले. तेवीस वर्षांची होते. प्रयोगशाळेत मी दोन ठोकळे केले होते, एक चुन्याचा आणि एक सिमेंटचा. अठ्ठावीस दिवसांनी दोन्ही यंत्रात घातले. चुन्याचा ठोकळा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा गेला. सिमेंटचा फुटायला त्याच्या वीसपट दाब लागला. फुटलेले तुकडे मी दोन पिशव्यांत घालून घरी आणले आणि बाबांचे गवंडी चहाला बसले असताना त्यांच्यासमोर ओतले. आकडे वाचून दाखवले. मी फार स्पष्ट बोलत असे तेव्हा.

एक म्हातारा गवंडी म्हणाला की लेकीने बापाला नापास केलं. सगळे हसले. बाबाही हसले. मग त्यांनी चुन्याचा एक तुकडा उचलून बोटांत चुरला, वास घेतला आणि म्हणाले, 'तू शिकलीस ती कशाला मग.' आठवड्याने सिमेंटची पोती आली.

दोन उन्हाळे काम चाललं. सांधे इतके सुबक भरले होते की दुसऱ्या गावचे गवंडी बघायला येत.

अठ्ठावीस दिवस हे सिमेंटचं वय आहे. तेवढ्यात ते मोठं होतं. चुना हवेतून हळूहळू घट्ट होत जातो, त्याला कित्येक वर्षं लागतात. मी सिमेंटच्या घड्याळाने चुन्याला मोजलं होतं. ही पहिली चूक. दुसरी अधिक साधी होती. बुरजाला ताकदीची गरजच नव्हती. तो स्वतःच्या वजनावर उभा होता. सांध्याचं काम एवढंच होतं की भिंत हलली तर आपण थोडं दबावं, आत आलेलं पाणी आपल्यातून बाहेर जाऊ द्यावं, आणि शंभर-दोनशे वर्षांनी आपण झिजून जावं म्हणजे दगड झिजणार नाही. सिमेंट यातलं काहीच करत नाही. ते पाण्याची वाट बंद करतं. मग पाणी दगडातून बाहेर पडतं, थंडीत तिथेच गोठतं, आणि दगडाचे पापुद्रे सुटतात; आत अडकलेलं पाणी मधली भर फुगवतं, आणि भिंत पोट काढते.

हे मला कळलं तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. एका दूरच्या शहरात व्याख्यान ऐकायला गेले होते. पडद्यावर कुठल्याशा दुसऱ्याच किल्ल्याची भिंत दाखवत होते. दगड आत गेलेले, सांधे बाहेर उभे. मधमाश्यांच्या रिकाम्या पोळ्यासारखी दिसत होती. वक्ता सांगत होता की अशा चुका अज्ञानातून होतात. मी व्याख्यान अर्धवट सोडून स्टेशनवर आले. दुसऱ्या दिवशी बुरजाखाली उभं राहून दुर्बिणीतून पूर्वेची भिंत बघितली. सुरुवात झालेली होती. फार नाही, कागदाच्या जाडीएवढी.

तेव्हा सांगितलं असतं तर सिमेंट खरवडून काढता आलं असतं. मी मनाशी ठरवलं की आधी खात्री करून घ्यावी. पुढे मला या खात्यात नोकरी लागली, मी पट्ट्या बसवल्या, आणि खात्री करून घेणं हेच माझं काम झालं.

तीन वर्षांपूर्वी जुने साहेब होते. भेग वाढते आहे हे दिसल्यावर त्यांनी बाबांना कार्यालयात बोलावलं. मी शेजारच्या खुर्चीवर वही घेऊन बसले होते. साहेबांनी विचारलं, सिमेंट वापरायचं कोणी सुचवलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. 'कोण सुचवणार? माझं काम, माझी मर्जी,' म्हणाले. साहेबांनी मला ते लिहून घ्यायला सांगितलं.

मी लिहून घेतलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी मी बाबांकडे गेले. ते माझ्या भावाजवळ, आमच्या जुन्याच घरात राहतात. मला त्यांना सांगायचं होतं की उद्या येऊ नका, उगीच दगदग होईल. वहिनीने दार उघडलं आणि म्हणाली, बाबा म्हशीकडे गेलेत. हा आमच्या घरातला जुना विनोद. दर रविवारी बाबा बादली घेऊन मागच्या शेडमध्ये जातात, त्याला वहिनी म्हशीला पाणी पाजणं म्हणते. शेडमध्ये म्हैस नाही, कधी नव्हती. तिथे जुनी अवजारं, पहारी, मोडकी घमेली आहेत. मी हा विनोद वीस वर्षं तरी ऐकत होते. बादली कशाला, हे एकदाही विचारलं नव्हतं. तो रविवार नव्हता. वहिनी म्हणाली, हल्ली रोज जातात, गुडघे धड नाहीत, पण म्हशीची तहान वाढली आहे म्हणे.

शेडचं दार उघडं होतं. बाबा एका उपड्या घमेल्यावर बसले होते. त्यांच्यासमोर जमिनीतल्या फळ्या सरकवलेल्या होत्या, आणि खाली पाणी दिसत होतं. स्वच्छ, चार बोटं खोल. पाण्याखाली पांढरं.

मी फळ्यांच्या कडेला उकिडवी बसले. मग विचारलं, 'हा तोच?'

'दुसरा कुठला? एकच तर केला होता.'

'छत्तीस वर्षं झाली.'

'म्हणून तर पाणी लागतं. वरचं पाणी आटलं की दगड होईल त्याचा.' त्यांनी थापी उचलली, पाण्यात बुडवली आणि एक गोळा काढला. थापी उलटी केली. चुना पडला नाही. 'बघ. लोणी झक मारेल.'

त्यांचा हात थरथरत होता, त्यामुळे चुनाही थरथरत होता, पण थापीला धरून होता. मी बोटाने स्पर्श केला. गार आणि अतिशय मऊ. मी प्रयोगशाळेत वापरला होता तो दुकानातून आणलेल्या पिशवीतला होता. घरी हौद असताना मला तो तपासायचं सुचलं नव्हतं.

'तुम्हाला तेव्हाच माहीत होतं का?' मी विचारलं.

बाबांनी थापी फळीच्या कडेला पुसली. या बाजूने, मग त्या बाजूने.

'माहीत कुठलं? हाताला बरं वाटत नव्हतं, एवढंच. तू ठोकळा फोडून दाखवलास. मी काय फोडून दाखवणार होतो?'

'बोलायचं तरी.'

'बोललो असतो तर ऐकलं असतंस?'

मी प्रामाणिकपणे विचार केला. ती तेवीस वर्षांची मुलगी, तिच्या दोन पिशव्या, तिचे आकडे.

'नाही,' मी म्हणाले.

'मग झालं तर.' त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या सांध्याचं माप बरोबर आल्यासारखे बोलले. मग त्यांनी विचारलं की उद्या काय सांगणार.

मी म्हणाले, अजून ठरलं नाही. ते म्हणाले की तीन वर्षं माझं ठरतच नाहीये, लग्नालासुद्धा मी एवढा वेळ घेतला नव्हता. मी सांगितलं की मला त्यांचं मन मोडवत नव्हतं. त्यांच्या हातचं काम त्यांच्या डोळ्यांदेखत उतरवायचं मला जड जात होतं, म्हणून थांबले.

बाबांनी मान वर केली. 'माझ्यासाठी थांबलीस? मी कधी म्हणालो, थांब?'

आठवून पाहिलं. कधीच म्हणाले नव्हते. एक शब्दही नाही.

'तीन वर्षांपूर्वी उतरवायला घेतला असता तर मी वर चढलो असतो,' ते म्हणाले. 'हा चुना कसा मळायचा, किती ओला ठेवायचा, भरलेल्या सांध्यावर ओलं पोतं कधी टाकायचं, हे नव्या पोरांना कोण सांगणार? पुस्तक? आता मी खालून ओरडेन, आणि त्यांना ऐकू जाणार नाही.'

तीन वर्षांपूर्वी माझ्या वहीतल्या आकड्यांवरून फक्त चौथा मजला उतरवावा लागला असता. आता तिसराही लागणार होता. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ओळंबा वाचता येतो.

निघताना त्यांनी मला हाक मारली. फळ्या सरकवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, 'आणि कारण जे लिहिलंय ते लिहिलंय. त्यात हात घालू नकोस. तुझी चार वर्षं राहिली आहेत नोकरीची. माझं काय राहिलंय? मला कोण कामावरून काढणार?'

फळ्या जड होत्या, त्या जागेवर बसवायला मदत केली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही बुरजाच्या पायथ्याशी जमलो. साहेब, त्यांच्या हातात फळीला लावलेला अहवाल. मावशी, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्यांच्या मते डबा त्यांचा चेपला होता. आणि बाबा. भाऊ त्यांना सोडून गेला होता. मावशींनी खिडकीतली स्वतःची खुर्ची आणून त्यांना दोरीच्या अलीकडे बसवलं, आणि बजावलं की पोटाच्या खाली बसायचं नाही, ते आता कोणाचंच ऐकत नाही. बाबा म्हणाले, पोट माझ्याच हातचं आहे, माझं ऐकेल. दोघं हसले. साहेबांना हसावं की नाही ते कळलं नाही.

हवा स्वच्छ होती. कोवळं ऊन पूर्वेच्या भिंतीवर तिरपं पडलं होतं, आणि त्या उजेडात सगळं उघडं पडलं होतं. वरच्या दोन मजल्यांवर दगड आत गेलेले, आणि बाबांचे सांधे एकतीस वर्षांनीही धारदार, चौकट ना चौकट जागच्या जागी. रिकाम्या चौकटींचं जाळंच. खालच्या दोन मजल्यांना तेव्हा कोणी हात लावला नव्हता. तिथला चुना झिजलेला होता, ओबडधोबड, आणि दगड ठणठणीत.

साहेबांनी वाचायला सुरुवात केली. स्थिती वाचली, माझेच आकडे. मग कारण. 'पूर्वीच्या दुरुस्तीत गवंड्याने स्वतःच्या मर्जीने सिमेंट वापरल्यामुळे भिंतीतील ओलावा अडकून राहिला.' वाचताना त्यांनी आवाज जरा खाली आणला, कारण तो गवंडी समोर बसला होता, आणि तो माझा बाप आहे हे त्यांना ठाऊक होतं.

'बरोबर आहे,' बाबा म्हणाले. 'पुढे वाचा.'

'बरोबर नाही,' मी म्हणाले.

बाबांनी खुर्चीच्या हातावर दोन बोटं आपटली. मी लहान असताना परांचीवरून वाकून खाली बघायची, तेव्हा ते असेच लाकडावर बोटं आपटायचे. मागे हो, असा त्याचा अर्थ.

मी साहेबांना सांगितलं की सिमेंट मी सुचवलं. कधी, कुठे, कोणासमोर, ते सांगितलं. दोन ठोकळे, अठ्ठावीस दिवस, आकडे अजून पाठ होते, तेही सांगितले. चुन्याची चाचणी अठ्ठावीस दिवसांनी घेणं ही माझी चूक होती, आणि ताकद मोजणं ही त्याहून मोठी. या गवंड्याकडे त्या वेळी पाच वर्षांचा तयार चुना होता. माझ्या सांगण्यावरून त्याने तो बाजूला ठेवला. हे सगळं मला बावीस वर्षांपासून माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी याच बाबतीत कार्यालयात विचारणा झाली तेव्हा खोटं उत्तर दिलं गेलं, आणि ते माझ्या हाताने लिहिलं गेलं. मी एवढं सलग क्वचितच बोलते. शेवटी शेवटी माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता.

'तिचं काय ऐकता,' बाबा साहेबांना म्हणाले. 'पोर होती तेव्हा. शिकत होती.'

'आणि तुम्ही?' साहेबांनी विचारलं.

'मी बाप होतो,' बाबा म्हणाले.

मावशी लोकरीचा गुंडा हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो पिशवीत ठेवला. एखाद्या घरात आपण चुकून आतल्या खोलीत शिरलो असं वाटल्यासारख्या त्या खिडकीकडे गेल्या, आणि जाता जाता बाबांच्या खांद्यावरची शाल सरळ करून गेल्या.

साहेबांनी पेन काढलं. कारणाच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. वर काय लिहायचं ते मी त्यांना शब्दशः सांगितलं, आणि त्यांनी ते तसं लिहिलं. लिहून झाल्यावर म्हणाले की याचे परिणाम होतील हे मॅडमना माहीत असेलच. मी हो म्हटलं. मग त्यांनी पान खाली सरकवलं. शेवटचा रकाना कोरा होता.

'शिफारस?'

मी वर पाहिलं. चौथा मजला. तिसरा, त्यातली ती खिडकी, जिच्याआड माझ्या पट्ट्या अजून काहीतरी मोजत होत्या. बाबांनी भरलेले सांधे. वरपासून खाली मी दगडांचे थर मोजत आले. एकोणतीस. तिथे ती ओळ होती. खालून गवताचे ठसे दिसत नाहीत, पण ती कुठे आहे हे मला आणि बाबांना बघावं लागत नाही. बाबाही तिथेच बघत होते. दोन्ही हात मांडीवर होते. जे उतरेल ते परत चढायला पाच-सहा वर्षं लागतील. ते ब्याऐंशीचे आहेत. ही वजाबाकी मी तीन वर्षं करत आले होते, आणि दरवर्षी ती माझ्यामुळे आणखी वाईट होत गेली होती.

मी त्यांच्या खुर्चीजवळ गेले. साहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, पण बाबांकडे बघून म्हणाले,

'उतरवायचा, बाबा. दगडांवर नंबर घालून, गवताच्या ओळीपर्यंत. आणि परत चढवायचा तो तुमच्या हौदातल्या चुन्यात.'